कोर्स ऑनलाइन न्यायचाय? आधी एकच आठवडा नेऊन बघा

विभागप्रमुखांचा मेल येतो, 'पुढच्या सत्रापासून प्रत्येकाने आपला विषय एलएमएसवर आणावा.' (एलएमएस म्हणजे कोर्स ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर.) सोबत लॉगिन, पासवर्ड आणि एक जाडजूड मॅन्युअल. मग बहुतेक जण काय करतात, तर गेल्या पाच वर्षांच्या सगळ्या पीपीटी एका दुपारी बसून चढवतात आणि हुश्श करतात. मुलं त्या परीक्षेच्या आदल्या रात्री उतरवून घेतात. एरवी त्या कोर्सकडे कुणी फिरकत नाही. सत्र संपल्यावर स्टाफरूममध्ये ठरतं की आपल्या मुलांना ऑनलाइन काही झेपत नाही.

पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही महाविद्यालयात शिकवता, विषय तुमचा पक्का आहे, पण एलएमएसला पहिल्यांदाच हात लावताय, असं धरून चालते. उदाहरणं मूडल या एलएमएसची देते, कारण माझा हात त्यावर बसलाय. तुमच्याकडे कॅनव्हास किंवा ब्लॅकबोर्ड नावाचं दुसरं एलएमएस असेल तर बटणांची नावं बदलतील, कामं तीच राहतील.

कानावर पडणारे काही शब्द

एलएमएस म्हणजे वर्ग, सूचनाफलक, गृहपाठाचा गठ्ठा आणि गुणांची वही एकाच छपराखाली. मूडल २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन डूगियामस यांनी आणलं. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे परवान्याचे पैसे नाहीत. पण सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस फुकट येत नाही, हे 'फुकट आहे ना' म्हणणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

थेट तास म्हणजे सिंक्रोनस आणि आपापल्या वेळेने करायचं ते असिंक्रोनस. थोडं वर्गात, थोडं ऑनलाइन असेल तर ब्लेंडेड. व्याख्यान घरी व्हिडिओवर बघायचं आणि वर्गात प्रश्न सोडवायचे, याला फ्लिप्ड क्लासरूम म्हणतात. कोलोरॅडोतल्या जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शाळाशिक्षकांनी २००७ च्या सुमारास तो प्रकार वापरायला घेतला आणि लोकप्रिय केला.

स्कॉर्म हा धड्याचं पॅकेज बांधायचा ठरलेला साचा आहे, एका एलएमएसवरून उचलून दुसऱ्यावर ठेवता यावं म्हणून. एलटीआय म्हणजे बाहेरचं एखादं साधन एलएमएसला जोडायची पद्धत, मुलांना वेगळा पासवर्ड लागू नये यासाठी. हे दोन शब्द नुसते ओळखीचे असले तरी पहिलं वर्ष निभतं.

राहिला मूक (इंग्रजी MOOC). हजारोंसाठी खुला असलेला ऑनलाइन कोर्स. शब्द २००८ चा, पण गाजला तो २०११ मध्ये, स्टॅनफर्डच्या सेबॅस्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स जगाला खुला केला तेव्हा. सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावं घातली, पूर्ण केला साधारण २३ हजारांनी. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स हे मूक देणारे मंच सुरू झाले. तुम्हाला मूक उभारायचा नाहीये. फक्त तो आकडा ध्यानात असू द्या. नाव घालणं सोपं असतं, टिकणं अवघड, आणि तुमच्या साठ मुलांचंही तसंच होणार आहे.

पायरी १: आपलं दुखणं कोणतं ते ठरवा

शिक्षणाचे अभ्यासक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये एक खोचक उपमा दिली होती. शिकवण्याचं माध्यम म्हणजे किराणा पोचवणारा ट्रक. ट्रक बदलल्याने खाणाऱ्याच्या पोषणात फरक पडत नाही. यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला, पण नव्याने सुरू करणाऱ्याला तो इशारा कामाचा आहे. 'आपल्याला एलएमएस वापरायचंय' हे काही दुखणं नव्हे.

दुखणी अशी असतात: प्रयोगशाळेत मुलं काहीच न वाचता येतात. १२० वह्या तपासून होईपर्यंत परीक्षा येते, चुका कळून उपयोग नाही. मागच्या बाकावरची मुलं वर्षभर तोंड उघडत नाहीत. एकच शंका वीस जण वीसदा विचारतात. यातलं एक निवडा. एकच. तंत्रज्ञानाच्या वापराचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं की माणूस नवं तंत्र स्वीकारतो का, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: ते उपयोगी वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का. शिक्षकही माणूसच. तुमचं एक काम जरी खरोखर हलकं झालं, तर दुसऱ्या महिन्यातही तुम्ही लॉगिन कराल. नाहीतर मेल आला म्हणून केलेलं काम दुसरा मेल येईपर्यंतच टिकतं.

पायरी २: मुलांच्या हातात काय आहे ते विचारा

पहिल्याच तासाला पाच ओळींचा फॉर्म द्या, कागदावर. लॅपटॉप आहे की फोनच? फोन स्वतःचा की घरात मिळून एक? डेटा किती पुरतो? बसायला शांत जागा आहे का? वाचताना-ऐकताना काही अडचण आहे का? हे कागदावरच विचारायचं, कारण ऑनलाइन फॉर्म भरता न येणाऱ्यांचीच माहिती आपल्याला हवी असते.

आता थोडा हिशेब. सेकंदाला १ मेगाबिट वेगाने चालणारा व्हिडिओ तासाभरात सुमारे ४५० एमबी खातो. तेच व्याख्यान ६४ किलोबिटच्या ऑडिओत दिलंत तर तासाला २९ एमबी. म्हणजे पंधरापट फरक. ज्या धड्यात पडद्यावर बघण्यासारखं काही नाही, तिथे तुमचा चेहरा दाखवण्यासाठी मुलांचा डेटा जाळू नका. ऑडिओ आणि दोन पानांच्या टिपणावर भागतं. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये साहित्य आधी उतरवून नंतर नेटशिवाय बघता येतं. ही सोय मुलांना कुणी सांगत नाही, तुम्ही वर्गात फोन हातात घेऊन दाखवा.

पायरी ३: एक आठवडा उलटा मांडा

सत्राचे सगळे आठवडे एकदम मांडायला बसू नका. मधला एखादा आठवडा घ्या, जिथे मुलं दरवर्षी अडखळतात. आणि शेवटाकडून सुरुवात करा: शुक्रवारी विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे? 'समजलं पाहिजे' लिहू नका, ते तपासता येत नाही. 'दिलेल्या आकड्यांसाठी सरासरी वापरावी की मध्यक, हे कारणासह सांगता येईल', हे तपासता येतं. (मध्यक म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा.)

मग मागे या. ते करता येण्यासाठी सराव कोणता, सरावाआधी काय बघावं-वाचावं. माझा हा आठवडा असा असतो: सोमवारी सहा मिनिटांचा व्हिडिओ, मंगळवार रात्रीपर्यंत पाच प्रश्नांची क्विझ, बुधवारी वर्गात ज्यावर मुलं चुकली तेवढंच, शुक्रवारी स्वतः जमवलेल्या दहा आकड्यांवर अर्ध्या पानाचं लेखन. कोर्सच्या पानावर दिसतात एवढ्या चार गोष्टी.

प्रत्येक गोष्टीला काय नाव देता, यावर बरंच अवलंबून असतं. 'युनिट २ नोट्स फायनल नवीन' या नावाची फाइल उघडायची इच्छा कुणाला होईल? त्याऐवजी लिहा, 'आधी हे बघा: सरासरी फसवते ती कशी (६ मिनिटं)'. आणि खाली एक ओळ: 'बघून झालं की लगेच क्विझ द्या, ती मंगळवारी रात्री ११:५५ ला बंद होते.' किती वेळ लागेल ते आकड्यात दिलं की मुलं बसच्या रांगेतसुद्धा काम उरकतात.

ते ११:५५ मुद्दाम आहे. '१५ तारीख, रात्री १२:००' अशी मुदत ठेवलीत की अर्धा वर्ग समजतो पंधरावा दिवस अख्खा हाताशी आहे, आणि यंत्र मात्र चौदा तारीख संपताच दार लावतं. दुसऱ्या दिवशी तीस मेल येतात.

पायरी ४: व्हिडिओ छोटा, आवाज स्वच्छ

फिलिप गुओ, जुहो किम आणि रॉब रुबिन या संशोधकांनी २०१४ मध्ये एडएक्सच्या चार कोर्समधली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, लोक टिकून राहिले ते मध्यकाने बघितलं तर फार तर सहा मिनिटं. म्हणून तासाचं व्याख्यान जसंच्या तसं चढवण्यात अर्थ नाही. एक व्हिडिओ, एक मुद्दा.

कॅमेऱ्याच्या मागे लागू नका, माइक बघा. धूसर चित्र लोक चालवून घेतात, घुमणारा आवाज नाही. कॉलरला लावायचा साधा माइक, पडदे ओढलेली खोली, पंखा बंद. आधी वीस सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. बोलताना चुकलात तर थांबा, वाक्य परत घ्या, पुढे चला. वर्गातही आपण चुकतोच की. 'काल आपण बघितलं' किंवा 'येत्या परीक्षेत' असं काही व्हिडिओत बोलू नका. पुढच्या वर्षी तोच व्हिडिओ वापरताना ते दाताखालच्या खड्यासारखं लागतं.

पायरी ५: प्रश्न (इथे वेळ घालवा)

सगळ्या एलएमएसमधली एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी क्विझ निवडेन. गुण द्यायला नव्हे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा परत परत वाचणाऱ्यांपेक्षा, वाचून झाल्यावर तो आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभराने जास्त लक्षात राहतो. छोटी, बिनधोक, वारंवार होणारी क्विझ नेमकं हेच आठवायला लावते. शिवाय सगळ्या वर्गाचं तपासणं यंत्र करतं.

पण चांगला प्रश्न लिहिणं हे हस्तकौशल्य आहे. 'मध्यकाची व्याख्या कोणती?' हा पाठांतराचा प्रश्न झाला. हा बघा:

पाच जणांचं मासिक उत्पन्न हजारांत असं आहे: २०, २२, २५, २८, १५५. यांच्यातल्या 'साधारण' माणसाचं उत्पन्न सांगायला कोणती संख्या बरी?
२५ / ५० / ६२.५ / १३५

बरोबर उत्तर २५, म्हणजे मध्यक. बाकीचे तीन पर्याय हवेतून आणलेले नाहीत, प्रत्येकामागे एक खरी चूक आहे. ५० ही सरासरी, एका श्रीमंताने वर ओढलेली. ६२.५ येतं ते पाचऐवजी चारने भागल्यावर. १३५ हा विस्तार, सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा केलेला. चुकलेल्या पर्यायाखाली मूडल तुमचा शेरा दाखवतं. ६२.५ ला माझा शेरा आहे, 'बेरीज बरोबर. भागाकाराआधी माणसं परत मोजा.' ५० ला, 'या गटात ५० च्या आसपास कमावणारं कुणी आहे का?' नुसतं 'चूक' लिहून कुणी काही शिकत नाही.

आता बुधवारी सकाळी तुम्ही आकडे उघडता. साठांपैकी चाळीस जणांनी ५० निवडलंय. तास कुठून सुरू करायचा हे ठरलं. व्याख्यान देऊन 'समजलं ना?' विचारलं असतं तर साठही माना हलल्या असत्या.

दहापेक्षा जास्त प्रश्न असतील तर एकेक करून स्क्रीनवर भरू नका. गिफ्ट नावाचा साधा मजकुराचा प्रकार आहे: प्रश्न लिहायचा, महिरपी कंसात पर्याय, बरोबर उत्तरापुढे = आणि चुकीच्यापुढे ~ . ती टेक्स्ट फाइल क्वेश्चन बँकेत इम्पोर्ट केली की पन्नास प्रश्न क्षणात आत. मराठीतले प्रश्न युनिकोडमध्येच टाइप करा आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. जुन्या फाँटमधला मजकूर तिकडे गेला की त्याचं कडबोळं होतं.

आणि माझी फजिती. क्विझच्या सेटिंगमध्ये 'रिव्ह्यू ऑप्शन्स' नावाचा टिकमार्कांचा एक तक्ता असतो. विद्यार्थ्याला काय कधी दिसेल ते तिथे ठरतं: उत्तर देताना, दिल्या दिल्या, क्विझ उघडी असेपर्यंत, बंद झाल्यावर. मी तो बघितलाच नव्हता. पहिल्या मुलीने क्विझ संपवल्याबरोबर तिला सगळी बरोबर उत्तरं दिसली, तिने स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला आणि तासाभरात अख्ख्या वर्गाला दहापैकी दहा. मला वाटलं, काय सुंदर शिकवलंय आपण! बरोबर उत्तराचा टिकमार्क फक्त 'बंद झाल्यावर'च्या रकान्यात ठेवा. हा तक्ता बघितल्याशिवाय क्विझ खुली करू नका.

पायरी ६: विद्यार्थी होऊन बघा

मूडलमध्ये भूमिका बदलून 'स्टुडंट' म्हणून कोर्स बघता येतो. बघाच, आणि फोनवर बघा. दाखवायच्या काही गोष्टी लपलेल्या राहतात, लपवायच्या काही उघड्या पडतात.

याच वेळी तुमच्या पीडीएफवर एक छोटी चाचणी करा: माउसने एखादं वाक्य निवडता येतं का? येत नसेल तर ती पानं म्हणजे नुसते फोटो आहेत. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्यावर गप्प बसतो, आणि इतरांनाही त्यात शोधता येत नाही. चित्राखाली दोन ओळींचं वर्णन आणि व्हिडिओला उपशीर्षकं, एवढ्यावर सुरुवात करा. यासाठीचे जागतिक निकष डब्ल्यूसीएजी नावाने ओळखले जातात, त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. पण आधी ती माउसची चाचणी.

पायरी ७: फोरम मरू देऊ नका

फोरम म्हणजे एलएमएसवरची चर्चेची जागा. 'आपली मतं मांडा' असं लिहिलेला फोरम पहिल्याच दिवशी मरतो. पहिला हुशार विद्यार्थी लिहितो आणि बाकीचे 'मी सहमत आहे' लिहून गुण मागतात. मूडलमध्ये प्रश्नोत्तराचा एक फोरम-प्रकार असतो, त्यात स्वतः लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसत नाहीत. तो घ्या, आणि वाद होईल असा प्रश्न टाका: 'वर्तमानपत्रातली एक सरासरी शोधा, जिच्यामुळे वाचकाचा गैरसमज होतो. कसा, ते तीन ओळींत.' तुम्ही स्वतः आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी उत्तरं द्या. रात्री अकराला उत्तर दिलंत की रोज अकराला अपेक्षा सुरू होते.

नक्कल आणि एआय

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि घरून लिहून आणायच्या निबंधाचा पाया हलला. एआयने लिहिलेलं ओळखून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून कुणाला शिक्षा करू नका. खुद्द चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने आपलं ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. कॅमेऱ्यातून डोळ्यांची हालचाल टिपणारी परीक्षासॉफ्टवेअरंही मला पटत नाहीत. खोलीत एकटं बसता न येणाऱ्या मुलावर ती पहिली संशय घेतात. माझा उपाय जुनाच आहे: आकडे विद्यार्थ्याने स्वतः जमवलेले हवेत, आणि लेखन जमा झाल्यावर पाच जणांना चिठ्ठी काढून बोलवायचं, 'तुझ्या तिसऱ्या ओळीतला आकडा कसा आला, सांग.' दोन मिनिटांत कळतं.

सहकारी आणि संस्था

२०२० मध्ये जगभर शाळा-महाविद्यालयं बंद झाली, युनेस्कोच्या हिशेबाने दीड अब्जाहून अधिक विद्यार्थ्यांवर त्याचा परिणाम झाला. तेव्हा घाईने जे झालं, ते आपत्कालीन शिकवणं होतं. त्या कडू आठवणीवरून अनेक सहकारी आजही ऑनलाइनला नाक मुरडतात. त्यांच्याशी वाद घालू नका. समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्येच नोंदवलंय की नवी गोष्ट समाजात टप्प्याटप्प्याने पसरते, आणि तिचे परिणाम डोळ्यांनी दिसणं, ती थोडी करून बघता येणं याला फार महत्त्व असतं. त्या बुधवारच्या तासाला शेजारच्या खोलीतल्या एका शंकेखोर सहकाऱ्याला मागे बसवा.

संस्थेकडे मात्र एक गोष्ट स्पष्ट मागा: वेळ. एक आठवडा नीट उभा करायला माझे पहिल्यांदा दहा-बारा तास गेले होते, दुसऱ्या वर्षी दोन. हे तास कार्यभारात धरले जात नसतील, तर विभागाच्या बैठकीत लेखी मांडा.

सत्र चालू असताना आणि संपल्यावर

दहाव्या दिवशी नोंदींचा अहवाल उघडा. एकदाही न आलेले चार-पाच जण सापडतील. त्यांना धमकीचा सामूहिक मेल नको, नाव घेऊन एक ओळ: 'अजून कोर्सवर दिसला नाहीस, लॉगिनची काही अडचण आहे का?' बहुतेकदा पासवर्डच हरवलेला असतो.

सत्र संपलं की क्विझचे आकडे परत चाळा. जो प्रश्न हुशार मुलांनाच जास्त चुकला, त्याची भाषा संदिग्ध असणार, तो बदला. मग कोर्सचा बॅकअप घ्या. बॅकअपच्या खिडकीत 'इन्क्लूड एनरोल्ड यूजर्स' असा पर्याय असतो, विद्यार्थ्यांची उत्तरं त्यानेच सोबत येतात; त्याला टिक आहे ना ते बघा. शिक्षकाला तो बहुधा बंद असतो, मग बॅकअप ॲडमिनकडून घ्या. फाइल दोन ठिकाणी ठेवा, नावात वर्ष घाला. त्यानंतरच 'रीसेट' दाबा. क्रम उलटा झाला तर यंत्र एकदा विचारतं, आणि मग साठ जणांचं वर्षभराचं काम पुसून टाकतं.